आधी जागा, मग रक्त

माणसाच्या पोटात काय चाललंय ते त्या माणसाआधी मावशींना कळतं, असं आमच्या घरी म्हणायची पद्धत होती. मावशी म्हणजे आईची कॉलेजातली मैत्रीण. गुरुग्रामच्या एका प्रयोगशाळेची प्रमुख, आतडं आणि रक्त या विषयातली शास्त्रज्ञ, परदेशातून बोलावणी येणारी. दिल्लीतल्या मराठी मंडळात त्यांचं भाषण असलं की आई पहिल्या रांगेत बसायची आणि कोण टाळ्या वाजवत नाही ते मागे वळून बघायची. मीही वाजवल्या आहेत. टाळ्या परत घेता येत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

त्यांचं भाषण मला पाठ होतं. "भेंडी चिरली की तार सुटते ना? तसलाच बुळबुळीत थर आपल्या आतड्याला आतून असतो. प्रोटीनचा एक धागा आणि त्याला दोन्ही बाजूंनी साखरेच्या झावळ्या. याला म्हणायचं ग्लायकोप्रोटीन. हा थर जाड असला की जंतू आपल्या जागी राहतात. झिजला की त्यांचे तुकडे रक्तात उतरतात, आणि मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिवसरात्र लाठ्या घेऊन उभ्या. दंगल नाही, काही नाही, पण कर्फ्यू कायमचा." लोक हसायचे. भाषण खरंच चांगलं होतं. वाईट वागणारी माणसं वाईटच बोलतात हा एक गोड गैरसमज आहे, आणि तो मोडायला मला बरीच वर्षं लागली.

मी वाढले सरकारी क्वार्टरमध्ये, पत्रकांच्या गठ्ठ्यांत. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून आणि कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहिणारे. करोल बागेतल्या एका गल्लीत छापखाना होता, तिथून ओल्या शाईचे गठ्ठे घरी यायचे आणि वाटून उरलेले कागद आई फडताळात अंथरायची. साखरेचा डबा उचलला की खाली 'तीव्र धिक्कार'. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. लहानपणी एकदा दुधीच्या भाजीचा मी जाहीर निषेध केला होता. बाबांनी तो शांतपणे ऐकून घेतला, "मागणी रास्त आहे" म्हणाले, आणि भाजी वाढली.

एमएस्सी झाल्यावर मावशींनी मला त्यांच्या प्रकल्पावर असिस्टंट म्हणून घेतलं. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "इथे मॅडम हं, मावशी घरी."

"बिल्कुल, मॅडम," मी म्हणाले. मला ते आवडलंसुद्धा. नात्याचा फायदा नको होता.

प्रकल्प असा होता. मॅडम राहत त्या सोसायटीतल्या उंच टॉवरांमधून दोन गट घ्यायचे. एका गटात फ्लॅटच्या मालकिणी, दुसऱ्यात त्यांच्याच घरी स्वयंपाक आणि झाडूपोछा करणाऱ्या बायका. दिवसाचा बराच वेळ दोघी एकाच छताखाली. पाणी एक, हवा एक, कणीक एक, कुकरमधला भातही पुष्कळदा एकच. मग दोघींच्या आतड्यातला तो थर वेगळा दिसतो का, आणि दिसला तर रक्तातल्या पेशींवर त्याचा परिणाम काय? प्रत्येकीचं रक्त आणि शौचाचा नमुना दोनदा घ्यायचा, मधे काही आठवडे सोडून. कल्पना उत्तम होती. ती ऐकून बाबा मला म्हणाले होते, "ही बाई आपल्यातली आहे." बाबांचं माणसांबाबत क्वचितच चुकतं. इथे चुकलं.

प्रत्येकीला विचारायची प्रश्नावली लांबलचक होती आणि ती मीच हिंदीत वाचून दाखवायचे. डाळ कोणती, तेल कोणतं, शिळं खाता का, लहानपणी आईचं दूध किती मिळालं, शेवटचं अँटिबायोटिक कधी घेतलं, घरात मांजर आहे का. मांजराचे दोन उपप्रश्न होते. मांजर आत झोपतं की बाहेर, हेही आम्हाला हवं होतं.

फ्लॅटवाल्यांचे नमुने सकाळी गेटवर यायचे, बर्फाची पिशवी घातलेल्या पांढऱ्या डब्यांतून, ड्रायव्हरच्या हाती. एका ड्रायव्हरने डबा देताना मला विचारलं होतं, "किस चीज की मिठाई है, मैडम?" कामवाल्या बायका तोच डबा घरून आणत. त्यांचं घर म्हणजे टॉवरांच्या मागच्या गावातली भाड्याची खोली, पूर्ण चाळीला मिळून एक संडास. डबा दुपट्ट्याखाली लपवून त्या आणत आणि माझ्या हातात असा देत, जसं काही चोरीचं सामान.

रक्त मात्र सोसायटीतच काढायचो. पांढऱ्या पेशी फार काळ ताज्या राहत नाहीत, त्यामुळे क्लबहाउसमधली एक खोली मॅडमनी मागून घेतली होती. रक्त काढायला टेक्निशियन होता, सोनीपतचा, हात हलका आणि जीभ जड. फ्लॅटवाल्यांची नस त्याला पहिल्या झटक्यात मिळायची. कामवाल्यांची मिळायची नाही. एप्रिलची दुपार होती. तो एकीचा दंड आवळायचा, सोडायचा, थापट्या मारायचा, दुसरा हात बघायचा. एका दुपारी मॅडमच्याच घरची कुक खुर्चीत बसली होती. बंगालातल्या मालदाकडची, चाळिशीची, तोंडाने त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे.

"नस है के नहीं तेरे में?" तो वैतागला.

"है तो. तुमको देख के छुप गई."

रांगेतल्या बायका हसल्या. त्याने सुई खाली ठेवली आणि पाण्याची बाटली तिच्यासमोर आपटली. "पानी पी के आया करो, कितनी बार बोला. लो, अभी पियो."

तिने बाटली बोटाने मागे सरकवली. "नहीं पीना."

"क्यों, व्रत है?"

"तीन घर बाकी हैं."

"तो? घर का पानी से क्या लेना?"

"पी लूँगी तो जाऊँगी कहाँ? तेरे घर?"

या वेळी बायका इतक्या हसल्या की क्लबहाउसचा गार्ड आत डोकावला. टेक्निशियनचे कान लाल झाले. मी हसले नाही. हातातली प्रश्नावली मी चाळून बघितली. 'दिवसाला पाणी किती' या प्रश्नाला सगळ्याजणींचं एकच उत्तर होतं, आठ ग्लास. मग लक्षात आलं की लिफ्टमध्ये आरोग्याचं एक पोस्टर लावलेलं आहे, त्यावर तेच लिहिलंय. मेमसाबच्या लोकांना जे ऐकायला आवडतं ते उत्तर त्यांनी दिलं होतं.

रक्त झाल्यावर मी सगळ्यांशी बाहेर बाकावर बोलले. कामाच्या घरातलं बाथरूम वापरायचं नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. एक-दोघींना मालकिणी चालेल असं म्हणाल्या होत्या, पण मग फिनेलची बाटली हातात दिली होती. खाली बेसमेंटमध्ये ड्रायव्हरांचं होतं, तिथे बाईने जायची सोय नाही. आणि क्लबहाउसच्या मागे एक होतं, खास कामवाल्या बायकांसाठी बिल्डरने बांधलेलं, दोन खोल्यांचं, नळ असलेलं. त्याला सोसायटीच्या कमिटीने कुलूप लावलं होतं. आत दिवाळीच्या दिव्यांच्या माळा ठेवल्या होत्या. मी खिडकीतून बघून आले. हिरव्या, लाल, गुंडाळून नीट टांगलेल्या. दिव्यांना जागा होती.

म्हणून सकाळी कामाला निघताना चहासुद्धा अर्धा प्यायचा आणि शेवटचं घर उरकेपर्यंत रोखून धरायचं. लघवीही आणि दुसरंही.

मी त्याच संध्याकाळी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्या स्क्रीनवर कसले तरी आलेख बघत होत्या.

"मॅडम, प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवायला हवा. कामावर असताना शौचालय वापरता येतं का."

त्यांनी चष्मा वर केला. "का?"

"येत नाही म्हणून."

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, अगदी नीट. मग म्हणाल्या, "फॉर्म मधेच बदलता येत नाही. एथिक्स कमिटीकडे परत जावं लागेल. महिने जातील."

"जाऊ देत महिने."

"अच्छा! आणि तेवढे महिने तुमचे पगार कोण देणार, तुझे बाबा?"

"मॅडम, तासन्‌तास रोखून धरलं की आतलं पुढे सरकत नाही. जंतूंचं खाणं संपतं आणि मग ते त्या थरावरच्या साखरा खायला लागतात. हे मला तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं ना? मग आता तेच मला शिकवू नकोस." त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. "आणि हे बघ, सोसायटीने परवानगी दिली आहे ती आरोग्याच्या अभ्यासाला. सोसायटीच्या अभ्यासाला नाही. हा फरक लक्षात ठेव, यार, प्लीज."

मला आजही त्या 'यार'चा राग येतो. माणूस अन्याय करताना गोड का बोलतो?

नंतर आली अक्षय्य तृतीया. मावशींच्या अठराव्या मजल्यावर चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गुरुग्राममधल्या मराठी बायका एकवटल्या होत्या. आईने मला पैठणीत गुंडाळून ओढून नेलं. आंब्याची डाळ होती, भिजवलेले हरभरे होते, आणि पन्हं होतं, काचेच्या उंच ग्लासांतून. कुक ट्रे घेऊन फिरत होती. मी एक ग्लास उचलून तिच्याकडेच धरला.

"तू घे ना."

तिने डोळ्यांनीच नाही म्हटलं. "बाद में, दीदी." मी तिच्याकडे बघत राहिले तेव्हा हळूच पुटपुटली, "तमाशा मत करो."

मी केला. डाळीची वाटी हातात घेऊन मी मोठ्याने विचारलं, "मावशी, यांनी पन्हं प्यायलं तर या कुठे जातात?"

सगळ्या थांबल्या. मावशी हसल्या. "म्हणजे काय गं? खाली स्टाफचं आहे ना."

"खालचं पुरुषांचं आहे. बायकांच्याला कुलूप आहे."

"अगोबाई, खरंच?" एक बँकवाल्या बाई म्हणाल्या. त्या दुसरा ग्लास घेत होत्या. "आमच्याकडे तर मी म्हणते बाई, जा. पण तीच जात नाही."

"जात नाही तेच बरं," सोफ्यावरून दुसरी म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका, पण ती माणसं कुठे राहतात, कशी राहतात. काय काय येत असेल त्यांच्याकडून. ताई, तुम्ही सांगा ना, तुम्ही तर यातल्या एक्स्पर्ट!"

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. कुक ट्रे घेऊन त्यांच्या खुर्चीमागेच उभी होती. मराठी तिला सगळं कळतं, इतकी वर्षं त्या घरात आहे. मी वाट बघत होते. दोन वाक्यांचं काम होतं. असं काही येत नाही, त्याच पिठात हात घालून ती तुमच्या पोळ्या करते तेव्हा तुम्हाला काही होत नाही, बास. ज्या बाईला जंतूंची नावं पाठ होती तिला ही दोन वाक्यं येत नव्हती असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

मावशी म्हणाल्या, "डाळीत कैरी जरा जास्त झाली का गं?"

 घर आल्यावर आई म्हणाली, "तिने तुला नोकरी दिली आहे."

"मी काम करते. मला काही दिलेलं नाही."

"बापावर गेलीस," आई म्हणाली. बाबा दारात उभे होते, त्यांना तो आरोप वाटला नाही.

बँकवाल्या बाईंनी मात्र विषय सोडला नाही. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला, क्लबहाउसमागचं शौचालय कामवाल्या बायकांसाठी उघडावं. मी रहिवासी नव्हते, तरी प्रकल्पाची म्हणून मागच्या रांगेत बसू दिलं. कमिटीचा अध्यक्ष एका कंपनीतला बडा अधिकारी होता, आवाज लोण्यासारखा. तो म्हणाला की तत्त्वतः कुणाचाच विरोध नाही, पण शेजारीच मुलांचा पोहण्याचा तलाव आहे, पालकांना संसर्गाची चिंता आहे. मग वळून म्हणाला, "हमारे बीच तो इसी विषय की वैज्ञानिक बैठी हैं. मैडम, आप बताइए. बीमारी फैलने का ख़तरा है?"

मॅडम उभ्या राहिल्या. साडी नीट केली. दुसऱ्यांदा त्यांना कुणी तोच प्रश्न विचारत होतं, आणि या वेळी कैरीची डाळ नव्हती.

"देखिए," त्या म्हणाल्या, "इस सोसायटी के संदर्भ में पक्का कुछ कहने के लिए हमारे पास अभी डेटा नहीं है."

"तो जब डेटा आएगा तब देख लेंगे," अध्यक्ष म्हणाला. पुढचा विषय होता कुत्र्यांना मुख्य लिफ्टमधून नेऊ द्यावं की नाही. तो मंजूर झाला. कुत्र्यांचा डेटा कोणी मागितला नाही.

शास्त्रज्ञाने 'डेटा नाही' म्हणणं ही सभ्य गोष्ट आहे. आम्हाला शिकवतातच तसं, की जे मोजलं नाही ते बोलू नका. पण जे मोजू नये म्हणून तुम्हीच प्रश्न विचारू दिला नाही, त्याच्याबद्दल 'डेटा नाही' म्हणणं याला सभ्यता म्हणत नाहीत. याला त्या कुलपावर दुसरं कुलूप लावणं म्हणतात.

मी पत्रक लिहिलं. दुसरं काही मला येत नाही. हिंदीत, एका पानाचं. बाबांनी वाचून तीन विशेषणं काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी ते बायकांना वाचून दाखवलं. शौचालय कुणी बांधलं, कुलूप कुणी लावलं, आत काय ठेवलंय, रक्त काढायला सोसायटीत खोली मिळते पण जिचं रक्त काढतात त्या बाईला बसायला मिळत नाही. वाचताना माझाच आवाज चढला.

कुकने बिस्कीट चहात बुडवलं. "बहुत लंबा है."

"एकच पान आहे!"

"तो भी. इतना कौन पढ़ेगा? मेमसाब लोग तो पर्दे का रंग भी तीन दिन में तय करते हैं." बिस्कीट तुटून चहात पडलं, तिने ते बोटाने बाहेर काढलं. "दूसरी बार कब लेना है ख़ून?"

"पुढच्या सोमवारी."

"तो बोल दो, पहले जगह, फिर ख़ून. हो गया."

"और काम छूट गया तो?" एक तरुण मुलगी घाबरून म्हणाली.

"काम कौन छोड़ रहा है? रोटी बनाएँगे, पोछा लगाएँगे. बस ख़ून नहीं देंगे. ख़ून रोटी में थोड़ी आता है."

पत्रक तसंच घडी करून मी पिशवीत टाकलं. त्यातलं दोन ओळींपेक्षा जास्त कुणाला नको होतं.

सोमवारी टेक्निशियन कापूस, सुया, नळ्या मांडून बसला. फ्लॅटवाल्या आल्या आणि गेल्या. कामवाल्यांची वेळ झाली, कुणी आलं नाही. त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि झोपला. काही वेळाने मॅडम लॅबमधून तडक आल्या. त्यांना फोन मी केला होता, मीच करायचा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी फोन करून कुकला खाली बोलावलं.

ती पदराला हात पुसत आली. पीठ होतं बोटांना.

"क्या चल रहा है यह सब?"

"कुछ नहीं मेमसाब. ख़ून नहीं देना."

"क्यों?"

"जगह नहीं है ना, मेमसाब. खुल जाए तो दे देंगे सब."

मॅडमचा आवाज खाली गेला, तो त्या चिडल्या की जातो. "तुम्हें यहाँ काम करना है या नहीं?"

मी मधे बोलणार होते. तिने हाताने मला थांबवलं.

"करना है. काम तो करना ही है. पर ख़ून का तो आप ही ने पढ़ के सुनाया था. मर्ज़ी का है, जब चाहो मना कर सकते हो, मना करने पर कोई नुकसान नहीं होगा." तिने माझ्याकडे बोट केलं. "दीदी ने भी यही सुनाया था. सबको सुनाया था."

हे संमतिपत्रातलं वाक्य होतं, शब्दशः. प्रत्येक अभ्यासात ते असतंच. आम्ही ते वाचतो, त्या अंगठा उठवतात किंवा सही करतात, आणि ते वाक्य मग कुणी खरं धरत नाही. तिने धरलं.  त्या वाक्यावर प्रकल्पप्रमुख म्हणून मॅडमचीच सही होती. टेक्निशियन जागा होऊन हे ऐकत होता. त्याने नळ्या परत खोक्यात भरायला सुरुवात केली, फार हळू, जणू आवाज झाला तर कुणीतरी त्याला मत विचारेल.

ती वर गेल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. "भडकवलंस त्यांना."

"मी फक्त संमतिपत्र वाचून दाखवलं. तुमचं."

"तुला कळतंय का, दुसरा नमुना नसेल तर पहिल्याला काही अर्थ नाही? सगळं काम वाया जाईल. दोन वर्षांचं काम!"

"त्यांचं किती वर्षांचं जातंय ते मोजलेलं नाही," मी म्हणाले. "डेटा नाही."

त्यांनी मला जायला सांगितलं. मी गेले. महिनाअखेरीस माझं कंत्राट वाढवलं गेलं नाही, कारण दिलं नाही, मी मागितलंही नाही.

पण त्याआधी काय झालं ते सांगायला हवं. त्याच आठवड्यात मॅडमनी कमिटीची तातडीची बैठक लावली. बँकवाल्या बाईंनी मला सगळं फोनवर सांगितलं, आवाज काढून दाखवत. मॅडम उभ्या राहिल्या आणि ठणकावून म्हणाल्या, शौचालय वापरल्याने तलावात संसर्ग पसरतो ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, विज्ञानात याला काडीचाही आधार नाही, आणि या देशात शिकलेल्या माणसांनी तरी असं बोलू नये. अध्यक्ष ओशाळला. टाळ्या पडल्या. दिव्यांच्या माळा बेसमेंटमध्ये गेल्या. कुलूप निघालं.

"बघ, किती छान बोलली गं ती!" बाई म्हणाल्या.

छान बोलली. मी फोन धरून उभी होते आणि मला एवढंच विचारायचं होतं, की हा डेटा आठवड्याभरात कुठून आला? त्याच भिंती, तोच तलाव, तेच जंतू. बदललं होतं एवढंच की आता मॅडमच्या नळ्या रिकाम्या राहणार होत्या. ज्या दिवशी बायकांचं पोट पणाला लागलं होतं त्या दिवशी विज्ञानाला पुरावा कमी पडला. स्वतःचा पेपर पणाला लागला तेव्हा तेच विज्ञान तोंडपाठ निघालं. लोक मला सांगतात, शेवटी काम झालं ना, मग राग कसला. राग याचाच. मॅडमना ते आधीपासून येत होतं.

बायकांनी मॅडमना मिठाई नेऊन दिली. "मेमसाब ने खुलवा दिया," असं सगळ्या टॉवरांत झालं. मी कुकवर चिडले तर ती म्हणाली, "तो क्या हुआ? नाम उनका, ताला तो गया. तुमको नाम चाहिए था?" मला नाव नको होतं. पण ते त्यांना मिळावं हेही नको होतं, आणि अजूनही नको आहे.

पावसाळा संपता संपता मावशींचा फोन आला. मी तेव्हा दुसरीकडे नोकरी शोधत होते. आईने नाव बघून फोन माझ्या हातात असा दिला, जसं देवाचं ताट देतात.

"कशी आहेस?" त्या म्हणाल्या. उत्तराची वाट न बघता मुद्द्यावर आल्या. "ते क्लबहाउसमागचं कुलूप नक्की कोणत्या तारखेला निघालं, आठवतं तुला? मी तेव्हा गडबडीत होते."

"कशाला हवी तारीख?"

"दुसऱ्या वेळचे नमुने आम्ही नंतर घेतले ना, महिना-दीड महिन्याने. कामवाल्यांचे नमुने बदललेत. सगळ्यांचे नाही, पण पुष्कळजणींचा थर सुधारलेला दिसतोय. रक्तातल्या पेशीही शांत आहेत. फ्लॅटवाल्यांचं मात्र जसंच्या तसं. आता पेपर पाठवला की पहिला प्रश्न येणार, मधल्या काळात काय बदललं."

"मग सांगा काय बदललं."

"तेच तर. फॉर्ममध्ये तो प्रश्नच नाहीये."

"नाहीये नाही, मॅडम. तुम्ही घातला नाहीत."

त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"हे बघ, भांडायला फोन नाही केला. निदान तारीख असली तर दोन्ही टोकं जोडता येतील. या बायकांचाच फायदा आहे त्यात, पुढे कुणी तरी याचा अभ्यास करेल."

"देते," मी म्हणाले. "पण पेपरात लिहा की शौचालय बांधलेलं होतं. त्याला सोसायटीने कुलूप लावलं होतं. आणि सोसायटीने तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, डेटा नाही."

"तसं नाही गं लिहीत पेपरात. 'अभ्यासादरम्यान स्वच्छतेची सुविधा उपलब्ध झाली', असं लिहितात."

"कुठून उपलब्ध झाली? आकाशातून?"

"तुझा राग मी समजू शकते..."

"माझा राग समजून तुम्हाला तारीख मिळणार नाही, मावशी. तारीख हवी असेल तर मला कशाला फोन केलात? जिला ती पक्की माहीत आहे ती आत्ता तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. तिला विचारा."

"तिला?" त्या म्हणाल्या.

मागे नळ सुरू झाला, भांडी आपटली, नळ बंद झाला. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यांनी फोन ठेवला नाही, आणि कुकला हाकही मारली नाही.